चौदा हजारांचे ब्रेक

सायकल अकरा हजारांची आणि तिला बसवायचे ब्रेक चौदा हजारांचे. एवढं मी वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली आणि तिथंच अडले.

मला याद्या करायची सवय आहे. अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला ती लागतेच. मुलांची वजनं, लसी, खाऊ, हजेरी, सगळं रकान्यात बसवावं लागतं. पुढं ती सवय घरात शिरली. किराणा, औषधं, कुणाच्या लग्नात काय आहेर केला, सणाआधी काय काय उरकायचं, सगळं वहीत. आमचे मालक पाहुण्यांना सांगायचे, उद्या भूकंप झाला तर ही आधी वही काढील आणि मग बाहेर पळंल. मीही हसायचे. वहीनं मला कधी दगा दिला नव्हता.

आमचं गाव राणीसावरगावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. मालक वर माळावरच्या तांड्यावर शिक्षक. घर ते शाळा पाच किलोमीटर, त्यातला दीड किलोमीटर खडा चढ. म्हणजे संध्याकाळी तेवढाच उतार. बावीस वर्षं ते मोटारसायकलवर गेले-आले. मग एका उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तोंड सुधारलं, पाय बराचसा परत आला, डाव्या हाताची मूठ मात्र अर्धीच राहिली. पेला धरता यायचा, बादली नाही. मोटारसायकलचा क्लच दाबता येईना. स्कूटर मागून आणून पाहिली, तर थांबताना तिचं वजन डाव्या पायावर आलं की ती त्यांना घेऊनच खाली बसायची. वर जाणारी एसटी दुपारची, तीही आली तर. काही महिने ते कुणाकुणाच्या मागं बसून गेले. ज्याच्या मागं बसायचं तो उशिरा आला की शाळेत उशीर, आला नाही की रजा. एक दिवस ते म्हणाले, आता मला माझ्या पायानं जाऊ दे.

सायकल चालवणं पायाला चांगलंच, असं डॉक्टरांनीही सांगितलं. चढ ते सायकल हातात धरून चढायचे. प्रश्न उताराचा होता. तारेचे ब्रेक जोरानं आवळावे लागतात, आणि आवळायला त्यांच्याकडे एकच हात. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. उतारावर एकट्या पुढच्या चाकाला जोरात अडवलं की मागचं चाक उचलतं. एकदा तसं झालं. तेव्हापासून ते उतारही चालतच उतरायचे आणि दुखऱ्या पायानं अंधार पडता पडता घरी यायचे.

म्हणून आम्ही परभणीला सायकलच्या एका दुकानात गेलो. तिथले मिस्त्री साठीचे, शांत. त्यांनी एक सायकल स्टँडवर उलटी टांगली, मागचं चाक जोरात फिरवलं आणि मला म्हणाले, ताई, करंगळी लावा. मी करंगळीनं ब्रेक ओढला. चाक जागच्या जागी थांबलं. नळीतल्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक, दोन्ही चाकांना पोलादी डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. मी विचारलं, एवढे पैसे टाकण्यासारखं आहे का? मला वाटलं होतं, दुकानदार हो म्हणणारच. ते म्हणाले, "सपाट रस्त्यावर मिरवायला नेणाऱ्याला मी न्हाई म्हणतो. साधा ब्रेक बी तेवढंच थांबवतो. पर सरांचा एक हात कमजोर हाय आन् तुमी उताराला राहता. तुमाला हे महाग न्हाई."

त्या पैशांतून व्हायची मागच्या खोलीची फरशी त्या वर्षी राहिली. त्याचं मला काही वाटलं नाही.

बसवायला दोन तास लागणार होते. तेवढ्यात मी यादीतली गोळ्यांची ओळ उरकायला मेडिकलवर गेले. मी नसताना मिस्त्रींनी मालकांना सगळं समजावलं. काय करायचं, काय करायचं नाही. मी परत आले तेव्हा सायकल तयार होती. मिस्त्रींनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही, मालकांनीही सांगितलं नाही. माझ्या मनात ती ओळ पूर्ण झाली होती.

पावसाळाभर ते उतार सायकलवर बसून उतरले. डाव्या हाताची दोन बोटं पुरायची. शाळेत उशीर नाही, रजा नाही. घरी यायचे तेव्हा उजेड असायचा. एकच गोष्ट होती, ब्रेक ओरडायचे. डांबरावरची धूळ बसली की शेवटच्या वळणावर चीं असा लांब आवाज निघायचा. आमच्या अंगणात तो साडेपाचला ऐकू यायचा. शेजारची वहिनी म्हणायची, सर आले बघा, डुक्कर वरडलं. मालक म्हणायचे, ऐकू आलं की चहा ठेवत जा, फोन करायची गरज न्हाई. मला मात्र तो आवाज सहन व्हायचा नाही. करकरणारी कुठलीही वस्तू माझ्या घरात दुसऱ्या दिवशी करकरत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं, यंत्रं, वाहनं धुऊन पुसून पूजतात. माझ्या वहीत त्याचं दरवर्षीचं पान आहे. विळे, कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन, दारांच्या बिजागऱ्या, सायकल. धुणं, पुसणं, तेल, हळदकुंकू, झेंडूची माळ. मालक देवीच्या देवळात गेले होते. मी अंगणात बसून एकेक उरकत गेले. मशीनला तेल सोडलं. बिजागऱ्यांना सोडलं. सायकलच्या साखळीला सोडलं. मग मागच्या डिस्कला, ती ओरडते म्हणून, तेलाच्या डबीचं टोक लावून गोल फिरवत दोन फेरे सोडलं. पुढची तेवढी ओरडत नव्हती. पण एक केलं की दुसरं आलंच. तिलाही सोडलं. फडक्यानं पुसून ती अशी चकचकीत केली की तिच्यात झेंडू दिसत होते. मग हळदकुंकू लावलं आणि वहीत ओळीपुढं बरोबरची खूण केली.

दसऱ्यानंतर शाळेचा पहिला दिवस. सकाळी ते गेले. साडेपाचला वळणावरून आवाज आला नाही. तो तेलामुळं आला नाही, असं समजून मला बरं वाटलं. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो, पण ते खरं आहे. मला बरं वाटलं आणि मी चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळून आटला. मग दारात ट्रॅक्टर आला. वळणावर ज्यांचं शेत आहे ते शेतकरी चालवत होते आणि मागं ट्रॉलीत सोयाबीनच्या भुसकटावर मालक आडवे होते. गाल सोललेला, डावा खांदा खाली पडलेला, डोळे उघडे. शेतकरी खाली उतरून मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, सर बिरेक दाबायलेच होते. दोनी हातांनी. म्या बघितलं. सायकल थांबंनाच. शेवटी त्यांनी ती माझ्या गंजीत घातली, नसता खाली दरीच हाय." कापून रचलेली सोयाबीनची गंजी, तिनं त्यांना धरलं होतं. दरवर्षी ते रस्त्याच्या कडेला गंजी लावतात म्हणून मी ग्रामपंचायतीत तक्रार करायचं ठरवलं होतं. वहीत तीही ओळ होती.

गंगाखेडच्या दवाखान्यात कळलं, डाव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलंय. डोक्याला काही नाही. सहा आठवडे हात गळ्यात. मी हुश्श केलं. पण मालकांनी डॉक्टरांना विचारलं, माझ्या उजव्या हाताचं बघा. डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली, दाबा म्हणाले. दाबल्यावर हसून म्हणाले, सर, बोटं सोडा आता. हात ठणठणीत आहे.

परतताना जीपमध्ये मालक माझ्याकडं न बघता बोलले. "डॉक्टरला काय कळतंय. उतारावर मी उजव्या हातानं पूर्ण ताकद लावली. काही झालं न्हाई. सकाळपासून हात ढिला लागायला होता. आता ह्या अंगावरून बी जायलाय."

तेव्हा मलाही ते खरंच वाटलं. करंगळीनं थांबणारी सायकल पूर्ण ताकदीनं थांबत नाही, म्हणजे ताकदच नसणार. दुसरा काय अर्थ निघतो?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. माणूस हात गेला असं समजला की हात जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आधी त्यांनी चहाचा पेला उचलणं सोडलं. पेला जमिनीवर ठेवून, वाकून, ओठ लावून प्यायचे. मग शर्टाची बटणं. मग सहीचा सराव करून पाहिला, ती वेडीवाकडी आली आणि त्यांनी तो कागद मला दाखवला, जणू पुरावाच. बावीस वर्षं खडू धरलेला तो हात मांडीवर उताणा पडलेला असायचा. मी भाकरी मोडून घास करून ठेवायचे. ते चमच्यानं खायचे आणि चमचा हातातून पडला की उचलायचे नाहीत. मी शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर म्हणाले, किती जणांकडून ऐकायचं? अंगणवाडीत एका दिवशी मी एका मुलाचं वजन दुसऱ्याच्या रकान्यात लिहिलं. असं माझ्या नोकरीत पहिल्यांदा झालं.

तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, ती सायकल विकून टाक. निदान ब्रेकचे तरी काही येतील. मी सायकल जीपच्या टपावर बांधली आणि परभणीला गेले.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सायकल टांगली, मागचं चाक फिरवलं आणि ब्रेक ओढला. चाक फिरतच राहिलं, हळूहळू थांबलं. पुढचं तसंच. त्यांनी डिस्कवरून बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.

"ताई, हिला मशीनचं तेल कोणी सोडलं?"

मी म्हटलं, काय माहीत.

ते म्हणाले, सरांना मी दोनदा सांगितलं होतं. डिस्कला तेल लावायचं न्हाई, हात बी लावायचा न्हाई. तुमी तवा मेडिकलला गेला होता. डिस्क तेलकट झाली की पॅड तेल पितात, मग पहिलवानानं दाबलं तरी चाक थांबत न्हाई. मी विचारलं, म्हणजे दाबणाऱ्याच्या हाताचा काही दोष नाही? त्यांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक तेव्हाच त्यांना कळलं. "हाताचा कशाचा दोष," ते म्हणाले. "हात काय करील?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले. समोर रस्ता चालू होता. माझ्या पिशवीत वही होती आणि वहीत खंडेनवमीचं पान होतं, त्यावर माझ्याच हातची बरोबरची खूण. मी तेव्हा रडले नाही. मला एवढंच वाटत होतं की कुणीतरी येऊन माझ्याकडून ही पिशवी घेऊन जावी.

पॅड नवे घालायला सांगितले, डिस्क स्पिरिटनं पुसून घेतल्या, हँडल सरळ करून घेतलं. सायकल परत आणून भिंतीला लावली. मालकांना सांगितलं, भाव येत नाही. ही दुसरी थाप.

आणि मग मी अकरा दिवस गप्प राहिले. लाज होतीच. पण फक्त लाज असती तर मी दोन दिवसांत बोलले असते. खरं कारण वेगळं होतं. ते घरात होते. साडेपाच वाजता मला कान देऊन उभं राहावं लागत नव्हतं. सांगितलं तर ते उद्या परत त्या उतारावर जाणार. नाही सांगितलं तर ते इथं, माझ्या डोळ्यांसमोर, पेल्याला तोंड लावत. मी वही उघडून दोन रकाने पाडले. एकात लिहिलं, जिवंत. दुसऱ्यात काहीच लिहिता येईना. पेन बंद केलं. त्या एका पानावर आजही तेवढंच आहे.

रविवारी सकाळी त्यांनी मला बाजेजवळ बसायला सांगितलं. नोकरी सोडायचा अर्ज लिहायचा होता. माझं अक्षर चांगलं आहे, त्यांचा हात चालत नाही, म्हणून मी लिहायचं आणि ते सांगायचे. शिक्षक माणूस, मजकूर तोंडपाठ केल्यासारखा सांगत होते. उपरोक्त विषयान्वये विनंती करतो की. मी लिहीत गेले. बावीस वर्षांची सेवा, पक्षाघात, डावा हात. मग म्हणाले, लिही. अलीकडील अपघातावरून असे दिसून आले की माझा उजवा हातही निकामी झाला असून.

'माझा उजवा' एवढं लिहून झालं. पुढं पेन जाईना.

"लिही की."

मी म्हटलं, "अहो, हे खोटं आहे. डिस्कला मी तेल सोडलं होतं. खंडेनवमीला. दोन्ही."

 मी सगळं सांगितलं, मिस्त्रींनी बोट कसं चोळलं तेही. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग त्यांनी मांडीवरचा उजवा हात वर उचलला, स्वतःच त्याच्याकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होता. गंजीवाल्यांनी पण बघितलं."

"मंग चालायलाय."

"चालतोय."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि आवळलं. दोन बांगड्या तडकल्या, तरी सोडेनात. मी म्हटलं, अहो, लागतंय. तेव्हा त्यांनी सोडलं. माझ्या मनगटावर चार बोटांचे वळ होते आणि ते त्यांच्याकडं असे बघत होते की मला दुसरीकडं बघावं लागलं.

मग त्यांनी विचारलं, तुला कधी कळलं? मी खरं सांगितलं. अकरा दिवस झाले.

"तेल सोडलंस ते समजलं," ते म्हणाले. "ते कुणाकडून बी होतंय. अकरा दिवस तू मला जमिनीवरून चहा पिताना बघायलीस?"

  पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहाचा पेला मात्र उचलून प्यायले. तिसऱ्या दिवशी बटणं लावता लावता म्हणाले, पुढच्या खंडेनवमीला माझी पूजा कर, तेल तेवढं लावू नको. मी हसले, आणि मग मागच्या खोलीत जाऊन, फरशी नसलेल्या जमिनीवर बसून, त्या परभणीच्या पायरीपासूनचं सगळं रडून घेतलं.

हाड जुळलं, दिवाळीची सुट्टी संपली. मी हात जोडले. बदली मागा, पगार कापून रजा घ्या, मी कमी खर्चात घर चालवते, माझ्या वहीत सगळं बसवते. ते म्हणाले, वहीत बसलो तर मी मरतो. सकाळी सायकल काढली, दोन्ही चाकं फिरवून ब्रेक ओढून पाहिले आणि गेले.

आता कधी कुणी विचारतं, सायकलला एवढे महागाचे ब्रेक कशाला. गावात ही चर्चा होतेच. मी मिस्त्रींचं उत्तर देते. उतार असेल आणि हात कमजोर असेल तर ते महाग नाहीत. पण माझ्या मनात पुढं आणखी एक असतं, जे मी सांगत नाही. कितीही चांगला ब्रेक घ्या, घरात त्याच्याविषयी किती बोललं जातं यावर तो चालतो. आमच्या घरात सगळं लिहिलं जायचं, बोललं कमी जायचं. साखळीला तेल, डिस्कला नाही, हे एवढं एका वाक्यात झालं असतं.

नव्या पॅडवर धूळ बसली आणि ब्रेक पुन्हा ओरडायला लागले. शेजारची वहिनी पुन्हा डुकराचं बोलते. मला तो आवाज हवा असतो. पाच वाजून गेले की मी कुठंही असले तरी अंगणात येते. काम काढते. तांदूळ निवडते, रजिस्टर घेऊन बसते. आजही तशीच बसले आहे आणि हे लिहीत आहे. सोयाबीन निघून गेलंय, वळणावर गंजी नाही. मी स्वतः जाऊन त्या शेतकऱ्यांना म्हटलं होतं, थोडं भुसकट तरी तिथं राहू द्या. ते हो म्हणाले, पण जनावरांना लागतं, त्यांनी तरी किती दिवस ठेवायचं?

साडेपाच वाजून गेले. अजून आवाज नाही. आज शनिवार नाही, शाळा अर्धी नाही. कधी कधी ते पोरांच्या वह्या तपासत थांबतात. मी चहाचं भांडं धुऊन ठेवलंय. पाणी ठेवलेलं नाही. आवाज आल्याशिवाय मी आता पाणी ठेवत नाही.